मंगल कार्यालयातले फोटो का बिघडतात?

संपादक महोदय,

तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, आणि पुढे घरोघरी अल्बम आले की त्याच तक्रारी ऐकू येतात: नवरीचा चेहरा जांभळा, मागे मिट्ट काळोख, फोटोभर काळपट पट्टे. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा तो सेटिंगमध्ये आणि स्टेजवरच्या दिव्यांत असतो, आणि जास्तीचा खर्च न करता सुधारता येतो. म्हणून हे थोडं सविस्तर लिहितो आहे.

आधी पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२०० वर, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरतंच उघडं असलं तर त्या फेऱ्याचा अर्धाच भाग हाती लागतो; एक फोटो उजळ, पुढचा मंद. त्यातून मिररलेस कॅमेरा आवाज नको म्हणून सायलेंट शटरवर (पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर) ठेवला असेल, तर पट्टे बहुधा पडतातच. हॉलमध्ये मेकॅनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पडदा हलणारं शटर घ्यावं आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवावा, म्हणजे प्रत्येक फोटोत पूर्ण फेरे येतात.

मागचा काळोख हा फ्लॅशवर सगळी भिस्त ठेवल्याचा परिणाम आहे. फ्लॅशची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपते, त्यामुळे शटर हळू केल्याने तिच्यात फरक पडत नाही. वाढतो तो हॉलचा उजेड. फ्लॅश लावण्याआधी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००, अ‍ॅपर्चर एफ ४ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), शटर १/१०० असा एक फोटो काढून पाहावा. हॉल साधारण एक स्टॉप अंधारा, म्हणजे हवा त्याच्या निम्म्या उजेडाचा दिसला की बेत जमला; आता फ्लॅश मॅन्युअलवर पूर्ण ताकदीच्या १/८ ला सुरू करून चेहऱ्यापुरता वाढवावा. हॉल फारच काळा दिसला तर आयएसओ ३२०० करावा. फोटोत दाणे दिसतील अशी भीती बाळगून ४०० वर अडून बसणारे अजून भेटतात. आजच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा ३२०० वरचा फोटो १२ बाय ३६ इंची पानावर छान छापला जातो. शटर सिंक वेगाच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात जास्त वेगाच्या), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर नेलं तर फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते. हायस्पीड सिंकने, म्हणजे फ्लॅश लागोपाठ बारीक लखलखवणाऱ्या सोयीने ती जाते, पण फ्लॅशची ताकद दोनेक स्टॉपने घटते.

छत पांढरं आणि दहा-बारा फूट उंच असेल तर फ्लॅशचं डोकं वर, किंचित मागे वळवून उजेड छतावरून घ्यावा. मंडपाला गुलाबी किंवा लाल कापड लावलं असेल तर हे करू नये, कारण कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो. तिथे स्टेजच्या बाजूला सात-आठ फूट उंचीच्या स्टँडवर पांढरी छत्री लावून ४५ अंशांतून फ्लॅश द्यावा. स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी हवीच. स्टेजवर मुलं धावत असतात.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते अंतरपाटाच्या क्षणी. समोर पांढरंशुभ्र कापड धरलेलं असतं. टीटीएलवरचा, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून ताकद आपोआप ठरवणारा फ्लॅश त्या पांढऱ्याला भुलून उजेड कमी करतो आणि वधूवरांचे चेहरे काळवंडतात. अंतरपाट खाली आला की पुढचा फोटो एकदम पांढरा. मॅन्युअलवर हा घोटाळा होत नाही. शिवाय १/८ वर फ्लॅश लगेच पुन्हा भरतो, फुल पॉवरवर दोन-तीन सेकंद थांबवतो, आणि तेवढ्यात हार पडलेले असतात. गुरुजींनी ‘तदेव लग्नं’ सुरू केलं की जागा आणि फोकस पक्के करून तयार राहावं. त्याच वेळी अक्षता उडतात. कॅमेऱ्यावरून सरळ मारलेल्या फ्लॅशचा उजेड आठ फुटांवरच्या चेहऱ्यापेक्षा एका फुटावरच्या तांदळावर ६४ पट पडतो, म्हणून फोटोभर पांढरे गोळे दिसतात. उजेड बाजूने आला की तेच दाणे टपोरे, वेगळे दिसतात. होमाच्या धुराचंही असंच. सरळ फ्लॅशने धुराचा पडदा होतो. तिथे फ्लॅश बंद, आयएसओ ३२००, एफ २.८.

नातेवाइकांच्या दोन ओळींच्या ग्रुपला एफ ५.६, तीन ओळींना एफ ८.

जांभळ्या चेहऱ्यांवर मात्र फोटोग्राफरकडे इलाज नाही. रंगीत एलईडी पार (स्टेजवर रंग टाकणारा दिवा) थेट चेहऱ्यावर असेल तर त्वचेचे बाकीचे रंग नोंदलेच जात नाहीत, आणि रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीतूनही) ते परत आणता येत नाहीत. डेकोरेटरला मुहूर्ताआधी तासभर सांगून ते पार मागच्या पडद्याकडे वळवून घ्यावेत. पिवळ्या दिव्यांचं काम सोपं आहे: फ्लॅशवर अर्ध्या ताकदीचा नारंगी जिलेटिन पेपर, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल) ३८०० केल्विन.

कार्यालयाच्या मालकांना एक विनंती. स्टेजवरचे आठ-दहा दिवे तेवढे फ्लिकर-फ्री ड्रायव्हरचे, म्हणजे न लुकलुकणारे बसवा आणि त्यांचा बोर्ड रंगीत दिव्यांपासून वेगळा ठेवा. हॉल ठरवायला जाणाऱ्यांनीही सगळे दिवे लावायला सांगून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दहा सेकंद चित्रण करून पाहावं. दिवे लुकलुकताना दिसले, तर तारीख पक्की करण्याआधीच हा विषय काढावा.

आपला,
एक लग्न-छायाचित्रकार, सातारा