किल्ल्याजवळच्या अण्णांना, जाहीर आभार

अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पूर्ण नाव मला कधी कळलं नाही. सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणत आले. तुम्ही मुलाकडे भिवंडीला गेलात एवढं समजलं, पण पत्ता कुणाकडेच नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. सोलापूरची विणकर माणसं भिवंडीत पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल असा भरवसा आहे.

तुमच्या आधी मी ज्यांच्याकडे चित्रकला शिकायला गेले त्यांच्याबद्दल थोडं लिहावं लागेल, त्याशिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते वाचणाऱ्यांना कळायचं नाही. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्यावर रंग सुटले ते सुटलेच. पुन्हा हातात घेतले तेव्हा ठरवलं, घरात बसून फोटोवरून काढायचं नाही. बाहेर बसायचं, अर्ध्या तासात होईल तेवढं जलरंगात उतरवायचं आणि तीच जागा चैत्रात, श्रावणात, पौषात पुन्हा रंगवायची. शिकायला म्हणून एका नावाजलेल्या वर्गात पैसे भरले. तिथे पहिल्याच दिवशी ऐकवलं, "सोलापुरात काय आहे रंगवायला? वाईला जा, कोकणात जा." का? कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांनी आपल्या गावातल्या कोटितीर्थ तलावाचीच चित्रं पुन्हा पुन्हा काढली. आपल्या गावातलं पाणी रंगवायला कुणाची परवानगी लागते का?

माझी अडचण साधी होती. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, देताना बोर्ड थोडा तिरका धरतात, रंगाच्या पाण्याची ओळ वरून खाली ओढत आणतात. ती ओळ ओली राहिली तर आकाश एकसंध दिसतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. कागदाच्या उजव्या कडेला पोचेपर्यंत डावीकडचं वाळलेलं, मध्ये कडक रेघ उमटलेली. मी हा प्रश्न वर्गात विचारला, नंतर एका ग्रुपवर विचारला. उत्तर एकच, "प्रॅक्टिस करा." दमट हवेत शिकलेल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नसावा. पण पडला नाही म्हणून समोरच्याला पडू नये? एक जण तर दरवेळी माझ्या हातातून ब्रश घ्यायचे, माझ्याच कागदावर चार फटकारे मारायचे आणि म्हणायचे, "बघा, असं." घरी नेलेलं ते चित्र माझं नसायचं. मी ते भिंतीला लावलं नाही.

त्यानंतर मी एकटीच भुईकोट किल्ल्याच्या तटाशी येऊन बसू लागले. बाईमाणूस एकटं बसून रंगवतंय म्हटल्यावर कोण कोण काय काय बोलून जातं, ते इथे लिहीत नाही. तुम्हीही रोज यायचात, सावलीला बसायचात, पण बघायला म्हणून एकदाही जवळ आला नाहीत.

आणि मग ती दुपार. माझा तिसरा कागद फुकट गेला होता, मी तो फाडायला घेतला होता. तुम्ही उठलात, डोक्यावरचा टॉवेल काढलात, पाणपोईवर भिजवून घट्ट पिळलात. माझ्या बोर्डवर ठेवण्याआधी त्याची घडी घातलीत. ती घडी मी विसरणार नाही, अण्णा. कागद डोळ्यांनी मापून, काठाला काठ जुळवून, एक सुरकुती राहू न देता. आयुष्यभर कापड हाताळलेल्या माणसाची घडी. मग एवढंच म्हणालात, "कागद पाणी लई पितोय, ताई. खालून बी द्या त्याला."

आणि परत जाऊन बसलात. उघड्या डोक्याने, त्या उन्हात.

कागद मी दोन्ही बाजूंनी भिजवून त्या ओल्या घडीवर अंथरला. वरून ऊन पाणी ओढत होतं आणि खालून टॉवेल पुरवत होता. आकाश पहिल्यांदा एका दमात उतरलं. तेही निळं नाही, एप्रिलमधलं आपलं खरं धुरकट पांढरं आकाश, खाली जाता जाता किंचित पिवळट होणारं. त्याच्या खाली तटाचा काळा दगड. तो सावलीत काळा नसतोच, निळा-जांभळा असतो. अल्ट्रामरीन निळ्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळला की तसा रंग येतो, आणि ओल्या कागदावर तो स्वतःच पसरून दगडाचा खडबडीतपणा आणतो. इतके दिवस मला ते दिसत होतं, पण हवा मला ते करू देत नव्हती.

सोलापुरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे. या शहरात तो कुणाच्या घरात नाही? मला शिकवणाऱ्यांच्याही खांद्यावर होता. सुचलं मात्र तुम्हाला, कारण तुम्ही माझं चित्र बघत नव्हता, माझी अडचण बघत होता. आणि ब्रशला हात लावला नाहीत. माझ्यासाठी तुमचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे. मदत करून चित्र माझं राहू दिलंत.

पुढे हळूहळू कळलं की तुमची हयात सुताच्या लड्या रंगवण्यात गेली आणि वडील जुन्या मिलमध्ये होते, १८७७ साली सुरू झालेल्या. निळीच्या हौदातून सूत हिरवट-पिवळं निघतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी काम थांबवून ऐकत बसले होते. "वल्लं सूत बघून काय ठरवायचं न्हाई. वाळू द्या, मग बोलू." जलरंगाचं अगदी तेच आहे. ओला असताना भरदार दिसतो, वाळला की फिका पडतो. तेव्हापासून मी रंग थोडा जास्तच गडद घेते आणि कागद वाळेपर्यंत त्याच्याबद्दल मत बनवत नाही.

तुम्ही गेल्यानंतरचे ऋतूही तुम्हाला सांगायचे आहेत. जून-जुलैमध्ये ढग नेहमीसारखे डोक्यावरून पुढे गेले. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. तेव्हा हिप्परग्याच्या तलावावर गेले होते. ओल्या हवेत कागद वाळायचं नाव घेईना, टॉवेल पिशवीतच राहिला. काळी माती भिजल्यावर इतकी गडद होते की डबीतला कुठलाच एक रंग पुरत नाही. बिडी कारखान्याकडून घरी निघालेल्या बायका माझ्यामागे थांबल्या. एकीने स्वतःची छत्री माझ्या कागदावर धरली आणि स्वतः भिजत उभी राहिली. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "घ्या पूर्ण करून, आमाला काय सवयच हाय." तुमची आठवण झाली. असं वागणारी माणसं या शहरात खूप आहेत आणि त्यांना आपण काही विशेष केलं असं वाटतही नाही. ज्यांच्या नावाच्या पाट्या मोठ्या असतात त्यांच्याकडून मला पावत्या मिळाल्या. हातातलं काम थांबवून, आपल्या अंगावरची वस्तू काढून देणारी माणसं मात्र रस्त्यावरच भेटली. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार, कुणाला बोचलं तरी.

थंडीत हुरड्याच्या दिवसांत ज्वारीची शेतं रंगवली. मग संक्रांतीचा गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची यात्रा आली. सात नंदीध्वज आणि त्यांच्यामागे पांढऱ्या बाराबंदीतली माणसंच माणसं. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कोरा कागद राखायचा असतो. एवढ्या गर्दीत प्रत्येक बाराबंदीसाठी कागद राखत बाकीच्या सावल्या भरत जायच्या आणि मिरवणूक तर थांबत नाही! दहा मिनिटांत जे झालं ते झालं. पण अण्णा, ते चित्र बरं झालंय. मला स्वतःला आवडलंय. हे वाक्य मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

तटाचं ते पहिलं एप्रिलचं चित्र मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. मागे तारीख आहे, सही आहे, तुमच्या नावाची जागा मोकळी आहे. ते पोस्टाने पाठवायचं नाही, हातात द्यायचं आहे.

जुलैमध्ये मी भावाकडे कल्याणला येते आहे, तिथून भिवंडी जवळच. तिकडच्या पावसात म्हणे कागद दिवसदिवस ओलाच राहतो आणि रंग वाहून एकमेकांत जातात. त्यावर काय करायचं ते मला माहीत नाही. हे पत्र पोचलं तर कुणाकरवी तरी निरोप द्याल? एखादी सकाळ मोकळी ठेवाल?

तुमची,
किल्ल्याजवळ रंगवत बसणारी ताई
सोलापूर