फोनने किती बोलावं

पुणे
रविवार, रात्र

प्रिय मास्तर,

परवा तू विचारलंस, "दोन टॉवर एकाच फोनला एकदम पाठवायला लागले तर गोंधळ नाही का होत?" मी "होतो रे, त्याचाच तर पगार मिळतो" म्हणून वेळ मारून नेली. नंतर वाटलं, तुला असं टोलवणं बरं नव्हे. वर्गात सांगायचं असेल तर खुशाल सांग, फक्त खालची माझी फजिती गाळ.

आपलं ढोल पथक आठवतंय? ताशा पार पुढे, आपण शेवटच्या रांगेत, मधे तीसेक मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ताशाचा ठोका आपल्याला जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा ऐकू यायचा. आपण कानाने वाजवायचो आणि मधे उभ्या माणसाला सगळं फाटलेलं ऐकू यायचं. ताशेवाल्या दादाने ठोक्या-ठोक्याला चूक काढली नाही. एवढंच म्हणाला, "माझ्या हाताकडे बघून वाजवा." हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

टॉवर आधी ठरलेले खुणेचे सिग्नल सोडतो. फोन ते मोजतो, कुठल्या अँटेनाचा किती जोरात आला, कुठल्या फेजमध्ये (म्हणजे लाट शिखरावर की दरीत) आला, आणि उलट निरोप धाडतो. त्यावरून टॉवर पुढच्या लाटा अशा सोडतो की फोनपाशी त्यांची शिखरं जुळावीत. जुळली तर बेरीज, शिखरावर दरी आली तर वजाबाकी. तू म्हणशील, एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलणाऱ्या यंत्रणेत टॉवरला फोनचा आवाज ऐकूनच अंदाज येईल. येतो. पण जाण्यायेण्याच्या वारंवारता वेगळ्या असल्या की निरोपाशिवाय इलाज नाही.

आणि तो निरोप महाग. टॉवरवरचा रेडिओ चाळीस-चाळीस वॉट ओततो, तुझा फोन सहसा जास्तीत जास्त २०० मिलिवॉट. त्या एवढ्याशा आवाजात त्याने तुझा व्हॉट्सॲपचा फोटोही चढवायचा आणि आमचा अहवालही द्यायचा. निहार जिंदाल यांनी २००६ मध्ये एक सुंदर हिशेब मांडला: टॉवर एकाच वेळी अनेक फोनना पाठवत असेल तर प्रत्येक फोनच्या निरोपाचे बिट अँटेनांच्या संख्येबरोबर वाढवावे लागतात, सिग्नल जोरदार झाला की त्याबरोबरही वाढवावे लागतात. ४ अँटेना आणि २० डेसिबल, म्हणजे गोंगाटाच्या शंभरपट सिग्नल, असेल तर सुमारे २० बिट. चार टॉवरांच्या मिळून १६ अँटेना एकाच जागी आहेत असं धरलं तर १००. टॉवर आणि फोन दोघांकडे असलेल्या यादीतून जुळता नमुना निवडून त्याचा क्रमांक कळवायचा म्हटलं तर यादीत २ चा १०० वा घात एवढे नमुने. तुझ्या गणिताच्या पोरांना हा आकडा लिहायला लाव, तास निघेल.

म्हणून यादी सोडली. थ्रीजीपीपी, म्हणजे जगभरच्या मोबाइलचे नियम लिहिणारी संस्था, तिच्या नियमांच्या पंधराव्या रिलीझपासून, म्हणजे आवृत्तीपासून, फोन लाटा सोडायच्या मोजक्या दिशा निवडतो आणि त्या कोणत्या प्रमाणात मिसळायच्या ते सांगतो. सोळाव्यात आणखी काटकसर: प्रत्येक सबबँडचे, म्हणजे वारंवारतेच्या प्रत्येक कप्प्याचे, आकडे वेगळे न धाडता डिलेच्या, म्हणजे उशिराच्या, भाषेत थोडकेच धाडायचे. सगळ्यात मोठा आकडा १ मानायचा, फक्त त्याची जागा कळवायची, बाकीचे त्याच्या तुलनेत. मला ही युक्ती फार आवडते. आपल्या आया स्वयंपाकात असंच माप सांगायच्या, तांदळाच्या दुप्पट पाणी.

आता फजिती. मी सिम्युलेशन लिहिलं, चार टॉवर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर, फोन बरोब्बर मधोमध. आलेख असा देखणा आला की मी चहा पाजला सगळ्यांना. टीममधल्या सिनियर मॅडमनी चहा घेतला आणि म्हणाल्या, "फोन जरा सरकव की." एका कोपऱ्याकडे १५० मीटर सरकवला. आलेख धपकन बसला.

कारण तू आता ओळखलंच असशील. एक टॉवर १५० मीटर जवळ आला, समोरचा तेवढाच लांब गेला, फरक ३०० मीटर. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला एक मायक्रोसेकंद लागतो. हा उशीर वारंवारतेच्या बाजूने पाहिला तर दर मेगाहर्ट्झला दोन टॉवरांमधला फेजचा फरक पूर्ण एक फेरी मारतो. माझा एक सबबँड ७२० किलोहर्ट्झचा. त्या एका कप्प्यात फेज जवळपास पाऊण फेरी फिरत होता आणि मी त्या कप्प्यासाठी एकच आकडा पाठवत होतो! मधोमध ठेवलेल्या फोनला हे कधी दिसलंच नसतं.

पहिला विचार आला, कप्पे लहान करू, बिट वाढवू. म्हणजे प्रत्येक ठोक्याला चूक काढणं. दोन दिवस त्यात घालवल्यावर दादाचा हात आठवला. प्रत्येक टॉवरचा डिले आधी एका आकड्यात वेगळा काढला, तो वजा केला, मग उरलेला चॅनल, म्हणजे टॉवर ते फोन वाटेत सिग्नलचं जे होतं ते, वारंवारतेबरोबर हळूहळू बदलणारा निघाला आणि थोडक्या आकड्यांत मावला. अर्थात हे मी शोधलेलं नाही. अठराव्या रिलीझमध्ये चार ठिकाणांपर्यंतच्या एकत्रित प्रक्षेपणासाठी दोन्ही पर्याय आहेत, प्रत्येक टॉवरची डिलेची निवड वेगळी किंवा सगळ्यांची सामाईक. माझं मत, टॉवर दूरदूर असतील तर वेगळी. एकाच इमारतीवरच्या पॅनेलांना सामाईक पुरते. शिवाय कुठले टॉवर कामाचेच नाहीत हे फोन सांगू शकतो. गळपटलेल्या टॉवरचं वर्णन करत बसायचं नाही, त्याला 'नको' एवढंच.

तरी निरोप शिळा होतोच. फोन ताशी ६० किलोमीटरच्या लोकलमध्ये असला तर ५ मिलिसेकंदांत ८ सेंटिमीटर पुढे जातो. १.८ गिगाहर्ट्झला ती अर्धी लाट झाली, म्हणजे निरोप पोचेपर्यंत चॅनल पालटलेला. आणि टॉवरांची घड्याळंही आपसात सरकतात. एकोणिसाव्या रिलीझमध्ये टॉवरांमधला वेळेचा, वारंवारतेचा आणि फेजचा फरक फोनकडून वेगळा मागवायची सोय केली आहे, ती याचसाठी.

तुझ्या शाळेच्या गच्चीवरून दोन टॉवर दिसतात म्हणालास ना? नकाशावर दोघांचं गच्चीपासूनचं अंतर माप आणि फरक कळव. मधोमध नसलेला एक खराखुरा फोन मला हवाच आहे. पोरांना कामाला लाव, तू पायऱ्या चढू नकोस, गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
रूम पार्टनर