दुतोंड्या मारुती ठाऊक नसलेल्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,

बाबांना घरी आणून आज बारा दिवस झाले, तरी मी रात्री दोनला दचकून उठते. समोर येऊन बोलले असते तर रडलेच असते, म्हणून हे पत्र.

आधीच्या हॉस्पिटलात पाच दिवस एकच उत्तर: "पेशंट झोपलेला बरा." ७८ वर्षांचा माणूस, न्यूमोनिया, घशात नळी, हात कॉटला बांधलेले, गुंगीचं औषध मिडॅझोलाम चालूच. डोस उतरवला की धडपड, धडपड झाली की पुन्हा डोस. असं किती दिवस, विचारलं तर बिलिंग काउंटरकडे बोट. जाऊ दे. म्हणजे जाऊ देणार नाहीच, पण आज तो विषय नाही.

तुम्ही मला खुर्ची दिलीत आणि सांगितलंत की म्हातारपणी हे औषध शरीरात साठत जातं, किडनी मंद असली तर जास्तच, आणि भ्रमही वाढतो. त्याऐवजी डेक्समेडेटोमिडिन देऊ. हाक मारली की डोळे उघडावेत एवढीच गुंगी. "यानं नाडी मंदावते, बीपी उतरतं, लक्ष ठेवावं लागेल," हेही लपवलं नाहीत.

पण खरं सांगू? डोळ्यांसमोर येतं ते वेगळंच. तुम्ही विचारलंत, "आजोबांना कमी ऐकू येतं का?" तोवर कुणालाही हे सुचलं नव्हतं! कानाचं मशीन पंचवटीला, घरच्या कपाटात. मी रिक्षानं जाऊन आणलं. तुम्ही ते पुसून स्वतः कानात बसवलंत, चष्मा लावलात, हात सोडलेत आणि वाकून म्हणालात, "आजोबा, आज मंगळवार. सकाळचे आठ वाजलेत. तुम्ही नाशिकमध्येच आहात. बाहेर पाऊस आहे."

अर्धवट गुंगीतल्या माणसाशी असं अदबीनं बोलायला कुठल्या कॉलेजात शिकवतात हो?

बाबांनी लिहायची खूण केली. वहीवर वाकडंतिकडं उमटलं: "मारुती?"

तुम्ही गोंधळलात. बाहेरगावच्या तुम्ही, गोदेला पाणी आलं की ते पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं, हे विचारल्याशिवाय आम्हा पंचवटीकरांना चैन पडत नाही, हे तुम्हाला कसं ठाऊक असणार? मी सांगितलं. तुम्ही सिस्टरना विचारलंत आणि परत वाकून म्हणालात, "कमरेपर्यंत."

बाबा नळीसकट हसले.

आता पाणी उतरलंय. "त्या पोरीला मारुती दाखवायचाय," असं रोज चाललंय त्यांचं. रविवारी सुट्टी असली तर कळवा.