बाबांचे ८७ गुण आणि कळण्याची भाकरी

पुणे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला घेतलं की स्पीकर लागतो, बाबा आकडे वाचायला लागतात, आई मागून "आधी जेवून घ्या म्हणावं" असं ओरडते आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून सरळ पत्रच लिहिते. दोघं मिळून वाचा. आणि बाबा, मोठ्याने वाचताना आईच्या बाजूचा मजकूर गाळू नका.

ताटाचा फोटो काढला की कॅलरी मोजून गुण देणाऱ्या त्या ॲपचा, तुम्ही पाठवलेला महिन्याचा अहवाल मी नीट बसून पाहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासणाऱ्या माणसाला आता मोबाइल रोज ८७ वगैरे गुण देतो आणि तो माणूस ते कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकतो, याची मला गंमत वाटते. पण एक मान्य करायला हवं. विजेच्या मीटरचं रीडिंग, सिलिंडर लावल्याची तारीख, पहिला पाऊस, सगळं वहीत लिहिणारे तुम्ही; मारी बिस्किटाचा अर्धा तुकडासुद्धा तुम्ही ॲपमध्ये प्रामाणिकपणे भरला आहे. इतकी स्वच्छ नोंद आमच्या ऑफिसात पगार घेऊनही कुणी ठेवत नाही. म्हणून तर त्या अहवालातून काहीतरी हाती लागलं.

काय लागलं, ते आधी. कॅलरीचा तो मोठा रंगीत गोल सोडा. त्याच्या खाली बारीक अक्षरात प्रथिनांची पट्टी आहे, ती बघा. महिनाभर ती ४०-४५ ग्रॅमच्या पुढे सरकलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. तुमचं वजन ६८, म्हणजे ५६ ग्रॅम तरी हवीत. वय वाढलं की स्नायू झिजतात, म्हणून उतारवयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात. तो हिशेब ६८ ते ८२ ग्रॅमवर जातो. गळती कुठे आहे तेही दिसतं. दुपारचं ताट झकास असतं. संध्याकाळी चहा-खारी, आणि रात्री 'हलकं' म्हणून मऊ भात नाहीतर मुरमुरे. ॲपचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण रात्रीच्या ताटात डाळ नाही हे काही मोजण्यातल्या चुकीमुळे झालेलं नाही!

तेव्हा रात्री मटकीची उसळ, नाहीतर घट्ट वरण आणि वाटीभर दही. संध्याकाळी खारीऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे. ३० ग्रॅमला सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. मात्र त्याआधी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. मूत्रपिंडाचं काही असेल तर प्रथिनं वाढवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता ताटाच्या फोटोंबद्दल. माझं पोटापाण्याचं कामच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. गेल्या खेपेला आईने बांधून दिलेलं कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि भरताची वांगी होतीच, त्यावर मी तुमच्या ॲपची परीक्षा घेतली. कळण्याच्या भाकरीला त्याने बाजरीची भाकरी म्हटलं. हे एक वेळ चालेल. आपल्या हिरव्या वांग्याच्या भरताला मात्र त्याने चक्क अवोकाडोची चटणी ठरवून टाकलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्या कानावर गेलेलं दिसत नाही. मग तीच भाकरी मी लहान ताटलीत ठेवली तर आकडा वाढला आणि मोठ्या ताटात ठेवली तर घटला.

असं का होतं, तेही सांगते, म्हणजे तुम्हाला राग येणार नाही. फोटोवरून एआय दोन अंदाज करतं. पदार्थ कोणता, हे त्याला आधी दाखवलेल्या असंख्य फोटोंशी ताडून. आणि किती, हे आजूबाजूच्या ताट-वाटीच्या आकारावरून. त्याला पंजाबी भरता शेकडो वेळा दाखवला असेल, खानदेशी भरीत कुणी दाखवलंच नसेल. त्यानंतर तो पदार्थ कोष्टकात शोधायचा. पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टकं खरोखर मोलाची आहेत, देशभरातून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थ तपासलेत. पण ते ज्वारी, उडीद, वांगं, शेंगदाणे असे सुटे जिन्नस आहेत. शिजलेला पदार्थ कुणाच्या तरी पाककृतीवरून जुळवावा लागतो, आणि ती पाककृती आईची नसते. कळण्यात ज्वारीबरोबर अख्खे उडीद असतात. १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅम प्रथिनं, तेवढ्याच उडदात २२ च्या आसपास. म्हणजे कळण्याच्या भाकरीच्या दिवशी तुम्हाला मिळायला हवे त्यापेक्षा कमी गुण मिळाले आहेत, बाबा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा.

तेलाचं उलट. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि भरतात ते वांग्याच्या आत मुरलेलं असतं. शेवभाजीवरची तर्री निदान दिसते तरी. शेंगदाण्याचा कूट, आमटीतला गूळ, पोळीच्या पदरातलं तेल, यातलं काहीच कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यावर फोटोपेक्षा सोपा उपाय आहे, तोही तुमच्या वहीतला. महिन्याला तेल किती लागतं ते लिहा. आईच्या म्हणण्याप्रमाणे तीन लिटर. एक लिटर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. दोन माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ४५ ग्रॅम. पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरीच्या ताटासाठी तेल-तुपाला २७ ग्रॅम धरलेत. पाहुणे आणि दिवाळीचा फराळ वजा केला तरी आपण बरेच पुढे आहोत. तीनाचे दोन लिटर झाले तर ताटाचा एकही फोटो न काढता काम होईल. आई, भरताला मात्र हात लावू नकोस. काटकसर रोजच्या फोडणीत कर.

आता आई, तुझ्याबद्दल. बाबांनी तुझंही खातं उघडून दिलंय आणि त्यात 'वजन कमी करणे' हे उद्दिष्ट घालून १२०० कॅलरीची मर्यादा लावून ठेवली आहे. तुझं वजन ५२ किलो. कमी काय करायचंय त्यातून? या वयात उगाच वजन उतरलं की चरबीबरोबर मांड्यांचे आणि पाठीचे स्नायूही जातात, आणि मग न्हाणीघरात पाय घसरायचं निमित्त पुरतं. फोटो काढून झाल्यावर तू डब्यातला गूळ-शेंगदाणा खातेस हे तू मला हळू आवाजात सांगितलंस, तेव्हा मला फार बरं वाटलं. चालू ठेव. बाबा, तिचं खातं आजच बंद करा. आणि पहिली भाकरी ताटात पडली की खायची असते, उजेड बघून ताट फिरवत बसायचं नसतं. तव्यावरची भाकरी तुमच्या कोनासाठी थांबत नाही.

यापुढचं जरा गंभीर आहे.

त्या ॲपमध्ये उपवासाचं घड्याळ आहे, सोळा तास न खाण्याचं. आपल्या घरात दीक्षित की दिवेकर हा वाद किती रंगला होता आठवतं ना? बाबा दोन वेळा जेवून ५५ मिनिटं मोजायचे आणि आई दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायची, दोघंही स्वतःवर खूश. तेव्हा बाबांना साखरेची गोळी नव्हती. आता ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन बाहेर काढतेच. गोळी घेऊन जेवण लांबवलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोकं गरगरणं, आणि रात्री झोपेत झालं तर कळायचंही नाही. म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत ते घड्याळ बंद. एकादशीचं मी काही बोलत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याकडे आधीपासून ठाऊक आहे, आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सगळा पिष्टमयच कारभार. त्या दिवशी वरईबरोबर दाण्याची आमटी आणि ताक असू दे.

दुसरं, त्यातला तो गप्पा मारणारा सल्लागार. शुद्ध मराठीत 'नमस्कार सर' म्हणतो म्हणून तुम्हाला आवडतो, ते मला कळतं. त्याने तुम्हाला कमी सोडियमचं मीठ आणायला सांगितलं आणि तुम्ही आणलंतही. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. तुम्ही रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेता, त्याने शरीरातलं पोटॅशियम आधीच थोडं वाढू शकतं. दोन्ही मिळून रक्तातलं प्रमाण फार वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सल्ला चारचौघांना चांगलाच आहे, पण तुमच्या गोळ्यांची यादी त्याला कुणी दिलीच नव्हती आणि त्यानेही विचारली नाही. साधा डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतो. ती पुडी तूर्त बाजूला ठेवा आणि साधंच मीठ कमी वापरा. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, त्यात पापड-लोणचं-बिबड्यांचं मीठही आलं. आणि जाता जाता: मेटफॉर्मिन ही साखरेची दुसरी गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी १२ जीवनसत्त्व घटू शकतं, त्यात आपण शाकाहारी. पायाला मुंग्या येतात म्हणत होतात ना? ही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.

चालण्याचं. हातातलं घड्याळ मनगटाचा हेलकावा मोजतं, पावलं नाही. म्हणून तर आईने गंमत म्हणून ते हातात घालून भाकऱ्या थापल्या, तेव्हा ओट्यापाशी उभ्या उभ्या तिची पावलं भराभर वाढली, आणि बाबा सायकलवरून बाजारात जाऊन आले तर घड्याळाच्या लेखी बसूनच होते. (आजकाल बाबा सकाळी घड्याळ आईकडे देत नाहीत ना?) रोजच्या दहा हजार पावलांचा आकडाही काही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं' अशा अर्थाचं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात रोज ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. तेव्हा रात्री दहा वाजता आकडा पुरा करायला अंधाऱ्या जिन्यात खालीवर करणं बंद करा, बाबा. मेहरूण तलावाची सकाळची फेरी पुरेशी आहे, आणि उन्हाळ्यात तीही उजाडायच्या आत. आपल्याकडे पारा ४४ ला टेकतो तेव्हा ॲपचं आव्हानबिव्हान काही नसतं.

त्यापेक्षा ॲप ज्याचे गुण देत नाही ते करा. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहादा. ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहायचं. आईने हे कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत केलं तरी झालं.

पैशाचं थोडक्यात. ॲपचं वर्षाचं पॅकेज घेताना यूपीआयवर ऑटोपेला परवानगी गेली असेल तर ती रद्द करा, कशी ते भाऊ येऊन दाखवेल. रक्ताचे रिपोर्ट त्यात चढवू नका. 'तुमचा आहारतज्ज्ञ बोलतोय' म्हणून कुणी फोन केला आणि पावडरचा डबा विकायला लागला तर तो फोन आईकडे द्या, ती बघून घेईल.

नोंद मात्र बंद करू नका, बाबा. फक्त गुण बघू नका आणि पाठवूही नका. महिन्यातून एक आठवडा भरा, फोटोशिवाय, हाताने टाइप करून. त्यातली प्रथिनांची पट्टी आणि रोजची रक्तातली साखर एका कागदावर उतरवा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांना पाच मिनिटं मिळतात, त्यात त्यांना असा कागद सोन्यासारखा. पुढची तारीख कधीची आहे ते कळवा, मी त्या दिवशी सुट्टी टाकून येते. गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत काढून ठेवा, रिकामी झालेलीसुद्धा.

तुमची,
ताई

ता. क. आई, कळण्यासाठी ज्वारीच्या किलोला उडीद किती घेतेस आणि भरताला तेल किती, ते मोजून कळव. 'अंदाजाने' लिहू नकोस. ॲपमध्ये आपली स्वतःची पाककृती भरायची सोय आहे, ती मी इथून भरते. म्हणजे निदान अवोकाडो तरी जाईल.