शील्डला भोक पाडायचं राहिलं

पुणे
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझी गाडी टेम्पोतून उतरवून सहा महिने झाले आणि माझ्याकडून साधी पोचसुद्धा नाही. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी "हात काळे आहेत, नंतर करतो" म्हणून ठेवून दिला. रागावला असशील, तो राग मला कबूल आहे. पण हे पत्र आधी पुरतं वाच. आज जे झालं ते हिला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "हे बंडूभावजींना लिहा."

प्रकृती बरी. साखर होती तिथेच, गोळ्या चालू.

तुला ते भांडण आठवतंय ना? तुमच्या गॅलरीत, त्या मासिकातल्या फोटोवरून? वेस्पा स्कूटर, आणि तिच्या शील्डमधून, म्हणजे पायांपुढच्या पत्र्यातून, आरपार गेलेली तोफ! तू हट्टाने म्हणत होतास की सैनिक चालत्या गाडीवरून गोळा मारत असणार. शेवटी काकांनी चहाची बशी खाली ठेवली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "अरे, ही रिकॉइललेस. धक्का बसू नये म्हणून गॅस मागून बाहेर टाकते. सीटवर बसून डागली तर बसणाऱ्याचं काय होईल?" 1965 च्या लढाईत अब्दुल हमीदांच्या जीपवर होती ती याच जातीची, पण 106 मिलिमीटरची, ही 75 ची. फ्रेंच छत्रीधारी सैनिक वेस्पावरून तोफ नुसती वाहून न्यायचे. डागायची ती खाली उतरवून, तिवईवर ठेवून. तू तेव्हाही हरलास नि आजही हरलेलाच आहेस.

तीच गाडी मला करायची होती, वेस्पा 150 टॅप. फ्रान्समध्ये फूर्शांबोच्या आक्मा कारखान्यात 1956 ते 1959 या काळात जेमतेम पाचशे-सहाशे झाल्या. गवताच्या गाठी बांधून विमानातून पॅराशूटने टाकायचे, तेही जोडीने: एका गाडीवर तोफ, दुसरीवर गोळे. खरी गाडी आपल्याला कुठली मिळायला! पण घराणं तर एकच आहे. फ्रेंचांनी पियाज्जिओच्या परवान्यावर बनवली, आकुर्डीला बजाजमध्येही 1971 पर्यंत त्याच परवान्यावर बनत होती. म्हणून तुझ्याकडे काकांची बजाज मागितली, आणि तू एका शब्दावर दिलीस. "काप नाहीतर काही कर, भंगारात जाण्यापेक्षा बरं," म्हणालास.

सहा महिने जीव लावून काम केलं रे. चार बाजूंचे संरक्षक पाइप वाकवून झाले. तोफेची नळी दोन मीटरच्या वर, खरीचं वजन पन्नास किलोच्या पुढे. मी ड्रेनेजच्या पाइपावर लांबी (पुट्टी) मारून, घासून, हिरवा रंग दिला. रस्त्यावर न्यायची नाहीच, अंगणातच राहील. आता राहिलं होतं फक्त शील्डला भोक पाडायचं. खडूने गोल आखला. आज सकाळी कारागीर चाचा ग्राइंडर घेऊन आले.

शील्डच्या आतल्या बाजूला काकांनी स्वतः बसवलेला तो प्लायवुडचा खण आठवतो? किल्ली जानव्याला, आणि आपण म्हणायचो की आत विड्या लपवतात. तो स्क्रू काढून उतरवला. त्याला मागची फळी नव्हतीच, शील्डचा पत्रा हीच मागची भिंत. खणातून एक जुना प्लग, चिंधी आणि एक खिळा खाली पडला. चाचा म्हणाले, "साहेब, इथं काहीतरी लिहिलंय."

बंड्या, खिळ्याने पत्र्यावर कोरलेल्या ओळी. वरपासून खालपर्यंत, काकांचं ते लग्नपत्रिकेसारखं अक्षर. तारीख, किलोमीटर, काम. डीकार्बन. क्लच प्लेट. गिअर केबल. बरोब्बर मधोमध:

"3-8-81. दिवे घाट. पोरं पडली. विचारलं नाही."

आणि त्याच्याखाली:

"5-8-81. पुढचा टायर नवा."

मी तिथेच फरशीवर बसलो. आपण तुझं घड्याळ गहाण टाकून नाना पेठेत रातोरात शील्ड ठोकून घेतलं होतं, रंगाची छटा जुळली म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या. आणि त्यांनी दोन दिवसांत टायर बदलला. मरेपर्यंत एका शब्दाने बोलले नाहीत. (आता तरी कबूल कर, क्लच तू सोडलास.)

खडूचा गोल नेमका त्या दोन ओळींवरून जातो. शील्ड बोल्टचं नाही, वेल्डिंगचं आहे. सोडवून बाजूला ठेवावं म्हटलं तरी गाडी कापावीच लागणार. भोक नाही पाडलं तर ती टॅप नव्हे. भोक वर-खाली सरकवून बघितलं तर तोफ सीटला अडते. चाचांना चहा पाजून परत पाठवलं.

तू "काप" म्हणालास तेव्हा तुला हे माहीत नव्हतं, म्हणून त्या परवानगीवर मी हात टाकणार नाही. जुन्या बाजारात एक सांगाडा बघून ठेवलाय: तळाचा पत्रा कुजलेला, कागदपत्रं नाहीत, पण शील्ड शाबूत. टॅप त्याच्यावर करीन. पाइप, नळी सगळं तिकडे चढेल. आणखी सहा महिने जातील, जाऊ देत. काकांची गाडी मात्र जशी होती तशी जोडून तुला परत करणार. त्यावर तू नाही म्हणू नकोस.

बाकी तुझं कसं? वडोदऱ्याचं नवं घर लागलं का? नातू चालायला लागला असेल. काकूंच्या गुडघ्यांचं कळव.

फोटो काढलाय, पण पाठवत नाही. काकूंना तो फोनवर दाखवायचा नाही. त्यांना घेऊन ये, दिवाळीच्या आधी. खण परत स्क्रूने लावून ठेवतो, कुलूप अजून लागलेलंच आहे. काकांची किल्ली त्यांच्याकडे असेल तर ती आठवणीने आण.

तुझा,
नान्या