सदतीस मिनिटं बंद ॲप आणि 'तुम्हाला तर प्रॉफिटच झालाय ना, मॅम?'

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते

वडोदरा, 22 एप्रिल 2025

विषय: 7 एप्रिलला सकाळी 9:15 ते 9:52 तुमचं शेअर ब्रोकिंगचं ॲप बंद असणे, ₹14,175 ची भरपाई, आणि माझं तिकीट चौथ्यांदा 'निराकरण झाले' म्हणून बंद करणे

आज दुपारी तुमच्याकडे फोन केला तो शेवटचा. यापुढे लेखी. मराठीत लिहितेय, कारण तुमच्या ॲपमध्ये मराठीची सोय आहे आणि जाहिरातीत तुम्ही त्याचा बराच डांगोरा पिटता. त्या सकाळी सदतीस मिनिटं तुमचं ॲप माझ्याशी मराठीतच बोलत होतं: 'काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा.' मी केले. एकवीस वेळा. स्क्रीनशॉट जोडलेत, प्रत्येकावर वेळ आहे.

त्या दिवशी बाजारात काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नसावी. शुक्रवारी 22,904 ला बंद झालेला निफ्टी सोमवारी 21,758 ला उघडला. माझ्याकडे शुक्रवारी ₹46 ला घेतलेला 22,500 चा एक लॉट पुट होता (बाजार पडला की ज्याचा भाव चढतो तो ऑप्शन), 9 एप्रिलच्या एक्स्पायरीचा, म्हणजे त्या दिवशी मुदत संपणारा. हातातल्या शेअर्सना आडोसा म्हणून घेतलेला. बाजार उघडताच तो विकायचा, हे मी रविवारी रात्रीच ठरवलं होतं. 9:15 ला ॲपनं मला लॉगआउट केलं. शेजारी भाचा बसला होता, त्याच्या मोबाइलवर दुसऱ्या ब्रोकरचं ॲप व्यवस्थित चालू होतं आणि त्यावर माझा पुट आठशेच्या वर दिसत होता. दिसत होता फक्त. विकायला मला तुमचंच दार होतं, आणि ते आतून बंद.

कॉल ॲण्ड ट्रेडला, म्हणजे फोनवरून सौदा करायच्या तुमच्या सोयीला, फोन लावला. ₹50 अधिक जीएसटी लागतील हे ध्वनिमुद्रित बाईंनी न चुकता सांगितलं आणि तेवीस मिनिटं संगीत ऐकवलं. 9:52 ला ॲप उघडलं, 9:53 ला पुट ₹611 ला गेला. मी टोकाचा भाव मागत नाही. आठशे धरा. आठशे वजा 611 म्हणजे 189, गुणिले लॉटचे 75. हिशोब विषयातच लिहिलाय.

आता आजचा फोन. तुम्ही रेकॉर्ड करता, म्हणून ऐकून घ्या. अगदी शांतपणे ऐका, मीही शांतपणेच बोलले होते, निदान पहिली सात मिनिटं.

फोनवरच्या मुलानं विचारलं, "मॅम, नेट चेक केलं होतं का?" केलं होतं, त्याच नेटवर भाच्याचं ॲप चालू होतं. "मॅम, व्होलॅटिलिटीमध्ये असं होतं." मग ब्रोकर कशासाठी ठेवायचा, बाजार झोपलेला असताना वापरायला? मग त्यानं माझा सौदा उघडून पाहिला. थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. आणि तो खूश होऊन म्हणाला, "पण मॅम, तुम्हाला तर प्रॉफिटच झालाय ना? बेचाळीस हजार! मग तक्रार कशाची?"

मी म्हटलं, बाळा, त्याच दिवशी माझे शेअर्स किती पडले ते त्याच स्क्रीनवर खाली दिसेल. पुट हा विमा होता. घराला आग लागल्यावर विमावाल्यानं पैसे कापून द्यायचे आणि वर 'तुम्ही तर हप्ता फक्त साडेतीन हजार भरला होता, फायदाच झाला' म्हणायचं, असं चालतं का? तो म्हणाला, "ओके मॅम, म्हणजे तुम्ही विम्याबद्दल विचारताय? विमा आमच्याकडे नाही."

बरं, त्यालाही मी हसले. मग विचारलं, त्या सकाळी तुम्ही इरा चालू केलं होतं का? तो म्हणाला, "इरा मॅम कुठल्या डिपार्टमेंटला आहेत?" मी स्पेलिंग सांगितलं. मला होल्डवर ठेवून, कोणाला तरी विचारून परत आला: "मॅम, इरा नावाचं आमच्या टीममध्ये कोणी नाही."

व्यवस्थापनाला तरी माहीत असेल म्हणून समजावत नाही, आठवण करून देते. इरा (IRRA) म्हणजे ब्रोकरची यंत्रणा बसली तर ग्राहकाला आपले उघडे सौदे मिटवता यावेत म्हणून एक्स्चेंजांनी केलेली सोय, ऑक्टोबर 2023 पासूनची. ती तुम्ही मागितली की नाही? नसेल तर का? आणि बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नोव्हेंबर 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त बिघाड झाला की तासाभरात एक्स्चेंजला कळवायचं होतं, चौदा दिवसांत मूळ कारणाचा अहवाल द्यायचा होता. चौदा दिवस काल संपले. तुमच्या ईमेलात मात्र 'आमच्या बाजूने कोणताही बिघाड आढळला नाही' असं लिहिलंय. पाच मिनिटं कुठे, सदतीस कुठे!

आणि हो, तो मुलगा शेवटी आणखी एक बोलला: "मॅम, आपला प्लॅन फ्री आहे ना, प्रायॉरिटी सपोर्ट वेगळा घ्यावा लागतो." फ्री? 7 तारखेची काँट्रॅक्ट नोट काढा. ब्रोकरेज ₹20. एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, ₹46. डिलिव्हरीला शून्य घेता, ऑप्शनला ₹20 घेता, आणि ज्या सौद्याचे ₹20 घेतले त्याबद्दल बोलताना मला फुकटी म्हणता. शब्द तो नव्हता, अर्थ तोच होता.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. 2010 मध्ये झिरोधा या ब्रोकरनं सपाट दराची वाट पाडली, मग एकामागून एक सगळेच त्या वाटेनं निघाले, आणि शून्याच्या खाली दर नेता येत नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून एक्स्चेंजच्या शुल्कातला तुमचा मधला मलिदा सेबीनं बंद केला. नोव्हेंबरपासून दर एक्स्चेंजला एकच साप्ताहिक एक्स्पायरी, निफ्टीचा लॉट 25 चा 75 झाला. धंदा आटलाय, मान्य. पण तगून राहायला तुम्ही कात्री कुठे लावलीत? सर्व्हरला आणि फोन उचलणाऱ्या माणसांना. जाहिरातीतला क्रिकेटपटू तसाच आहे.

मी सयाजीगंजात वडोदरा स्टॉक एक्स्चेंज असतानापासून या बाजारात आहे. 2015 मध्ये ते गेलं. रावपुऱ्यातला आमचा सबब्रोकर शेकडा आठ आणे घ्यायचा आणि भाव पडायला लागला की सुरसागर तलावाला चक्कर मारायला निघालेल्या माणसाला घरी फोन करून परत बोलवायचा. महाग होता. 2019 मध्ये त्याला सोडून मी तुमच्याकडे आले, शून्याच्या मोहानं, तो दोष माझा. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसई, म्हणजे खुद्द एक्स्चेंजच, 11:40 ला थांबलं, 3:45 ला पुन्हा उघडून पाचपर्यंत चाललं. तेव्हा मी तुम्हाला एक शब्द बोलले नव्हते, कारण चूक तुमची नव्हती. 7 एप्रिलला एनएसई चालू होतं. भाच्याचं ॲप चालू होतं. तुमचं बंद होतं. सदतीस मिनिटं.

फोन ठेवल्याबरोबर एसएमएस आला: 'आमची सेवा कशी वाटली? 1 ते 5 अंक द्या.' शून्याचा पर्याय ठेवलेला नाही. एरवी शून्याचं केवढं कौतुक.

मला हवंय ते असं. ₹14,175. त्या सकाळचा लॉग आणि एक्स्चेंजला पाठवलेला अहवाल, पाठवला असेल तर. आणि कोणा जबाबदार माणसाच्या सहीचं उत्तर, ज्यात 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य नसेल. सात दिवसांत आलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार जाईल. तिथे तुम्हाला 21 दिवस मिळतात, आणि तिथलं तिकीट तुम्हाला स्वतःहून बंद करता येत नाही. त्यानंतर ओडीआर, म्हणजे ऑनलाइन तंटा-निवारण. मी निवृत्त आहे, मला वेळच वेळ आहे.

पैसे मिळाले तरी मी राहणार नाही. भाच्याच्या ब्रोकरकडे खातं उघडलंय. तोही उद्या असाच निघेल कदाचित, पण त्या सकाळी तो चालू होता. माझ्याच नावावरच्या डिमॅटमध्ये सगळे शेअर्स नेऊन खातं बंद करताना हस्तांतराचं शुल्क लागत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा ते लावून पाहू नका. शेअर्स दुसरीकडे हलवायला लागणाऱ्या डीआयएस स्लिपांचं पुस्तक 9 एप्रिलला मागितलंय, अजून आलेलं नाही. पत्ता तुमच्याकडे आहे. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये असं कुरिअरवाल्याला सांगा.

— एक ग्राहक, दांडिया बाजार, वडोदरा
(क्लायंट कोड आणि तिकीट क्रमांक सोबतच्या ईमेलात)