वेताळाची पट्टी आणि तुमचं भिंग

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. नमस्कार विनंती विशेष.

तुम्ही न्यू जर्सीतलं एडिसन सोडून डोंबिवलीला गेलात त्याला दिवाळीत दोन वर्षं होतील. फोनवर आभारांचा शब्द काढला की "पुरे गं" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत, उघड लिहितेय. इथे तुम्हाला मला अडवता येणार नाही. शिवाय खिशाला झेपेल तेवढ्यातच कॉमिक्सची मूळ चित्रं जमवू पाहणाऱ्या आणखी कुणाला, तुम्ही मला शिकवलेलं उपयोगी पडेल.

तो दिवस आठवतो ना? हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेलं प्रदर्शन, आणि एका टेबलावर फ्रेममध्ये लावलेली वेताळाची, म्हणजे फँटमची पट्टी: वर्तमानपत्रात छापण्यासाठी चित्रकारानं हातानं काढलेल्या चौकटींचा मूळ कागद, असं विक्रेता सांगत होता. किंमत ३५० डॉलर. मी तिथूनच मिरजेला फोन लावला, "दादा, वेताळ मिळाला!" लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सवर पहिला हक्क दादाचा असायचा. त्याचं वाचून झाल्यावर उशाखालून काढून मी वाचायचे. फोन ठेवते न ठेवते तोच मागून मराठीत आवाज आला, "बाई, पैसे देऊ नका अजून."

तुम्ही शर्टाच्या खिशातून ते घडीचं भिंग काढलंत, विक्रेत्याची रीतसर परवानगी घेतलीत आणि फ्रेम उलटून पट्टी बाहेर काढायला लावलीत. मग मला म्हणालात, "बघा." रात्रीच्या जंगलाचा काळा रंग सलग आणि सपाट होता. ब्रशवर ब्रश फिरला की शाई कुठे दाट, कुठे विरळ बसते, तसं काही नव्हतं. आणि कागदाचा पिवळेपणा! तोसुद्धा बारीक ठिपक्यांचा होता. जुनेपणासकट छापलेली प्रत होती ती. माझे ३५० डॉलर वाचले हे खरं, पण मला आजही आठवतो तो भिंगातून दिसलेला ठिपक्यांचा पिवळा रंग. त्या दिवशी मी पहिल्यांदा कागदाकडे नीट पाहिलं.

नंतर चहा घेताना कळलं, की तुम्ही गिरगावात एका छापखान्याच्या कॅमेरा विभागात तीस वर्षं काढलीत. निळ्या पेन्सिलीचं गुपित तुम्ही तिथेच, कागदी रुमालावर रेघा ओढून सांगितलंत. छपाईसाठी चित्राचा फोटो ज्या लिथो फिल्मवर घेत, तिला फिकट निळा आणि पांढरा सारखाच. म्हणून चित्रकार कच्चं काम निळ्यात करायचा, वर शाई चढवायचा आणि निळं खोडायची तसदीच घ्यायचा नाही. छापलेल्या वर्तमानपत्रात ते कुणाला दिसलं नाही, मूळ कागदावर मात्र तसंच राहिलं. वेताळाचा हात आधी कुठे होता, मग कुठे सरकवला, संवादाच्या फुग्यासाठी जागा कशी केली, सगळं. चुकलेल्या रेघेवरचा पांढरा रंग, कागद तिरपा धरला की उठून दिसणारा. गोंदानं चिकटवलेली कॉपीराइटची चिठ्ठी. "हे सगळं छापलेल्या अंकात नसतं गं. पैसे द्यायचे ते ह्याचे," असं म्हणालात तुम्ही.

पैसे! वर्षाला ६०० डॉलर, त्याहून जास्त नाही, हे सांगताना मला संकोच वाटत होता. तुम्ही मान डोलावलीत आणि विचारलंत, "वेताळ दिसायलाच हवा का?"

या एका प्रश्नानं माझा संग्रह उभा राहिला. घट्ट पोशाखातला, अंगठीचा ठोसा मारणारा वेताळ असला की त्या पट्टीची किंमत चढते. तोच वेताळ ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालून मिस्टर वॉकर झाला की उतरते. तो अजिबात नसला, नुसती त्याची डायना फोनवर बोलत असली किंवा समुद्रात एक बोट असली, तर आणखी उतरते. हात तोच, ब्रश तोच. माझी पहिली पट्टी वॉकरचीच. डेव्हिल शेजारी उभा आहे, आणि त्या लांडग्याच्या मानेवरचे केस असे काढलेत की दरवेळी बोट फिरवावंसं वाटतं. (फिरवत नाही, काका. तुमची ताकीद लक्षात आहे.)

दुसरी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती नावांची. १९६१ पासून १९९४ पर्यंत वेताळ काढायचे साय बॅरी, आणि सगळ्यांना बॅरीच हवे असतात. त्यांच्यानंतर पेन्सिलकाम जॉर्ज ओलेसन यांच्याकडे राहिलं आणि रोजच्या पट्टीवर शाई चढवायला कीथ विल्यम्स आले. ओलेसन तर आधीपासून बॅरींचेच सहाय्यक. "माणूस घरातलाच आहे, फक्त पाटी बदलली म्हणून भाव कमी," म्हणालात. त्या काळातल्या माझ्याकडे आता चार पट्ट्या आहेत, एकही १२० डॉलरच्या वर नाही. आणि तिसरी पट्टी घेतली ती तर कुणाच्या तरी नावाची. कडेला शाईत 'अमक्यास शुभेच्छांसह' लिहिलेलं, म्हणून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. पूर्वी वाचकानं पत्र पाठवलं की चित्रकार मूळ पट्टी अशी सही करून भेट द्यायचे, हे तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही म्हणालात, ज्यानं ती इतकी वर्षं सांभाळली त्याचं नाव त्यावर असू दे की.

आता ते सांगते, जे तुम्ही एकदाच बोललात. मी विचारलं होतं, मुंबईत इंद्रजालची मूळ चित्रं कुठे असतील? वेताळाच्या गोष्टी तिथे परदेशातून आलेल्या प्रतींवरून छापत, हे तुम्हीच समजावलंत. इथे जन्मली ती मुखपृष्ठं, आणि १९७६ पासून आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला 'बहादूर'. मग तुम्ही बराच वेळ गप्प बसलात. तुमच्या छापखान्यात मासिकांची, दिवाळी अंकांची, मुलांच्या पुस्तकांची चित्रं यायची. फिल्म निघाली, प्लेट झाली, की कागद फडताळात. दरवर्षी दसऱ्याच्या आधी साफसफाई. "मी माझ्या हातानं रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलीत गं. सुतळी मीच आवळायचो. कुणी मागायला आलं नाही, आणि आम्हाला ठेवावंसं वाटलं नाही." हे सांगताना तुमचा हात टेबलावर सुतळीची गाठ मारत होता. तुम्हाला ते कळलंही नसेल. मी पाहिलं.

शनिवार-रविवार माझ्याबरोबर दोन-दोन तास गाडीत बसून तुम्ही प्रदर्शनांना का यायचात, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही स्वतः कधी काहीच विकत घेतलं नाहीत.

बॅरींची १९६० च्या दशकातली पट्टी समोर आली तेव्हा मी किंमत ऐकून मागे सरले होते. ४८० डॉलर. तुम्ही विक्रेत्याला सरळ विचारलंत, हप्त्यानं चालेल का? चाललं. या धंद्यात पुष्कळ जण हप्ते घेतात, पण तोंड उघडून विचारावं लागतं, आणि ते मला जमलं नसतं. सहा महिने, दरमहा ८० डॉलर. शेवटचा हप्ता भरून ती घरी आणली त्या संध्याकाळी तुम्ही नातवाला घेऊन आलात. दीड फुटाहून लांब कागद जेवणाच्या टेबलावर पसरला, आणि पहिल्याच फुग्यात 'बंगाला' वाचून मी अडखळले. आमचा वेताळ तर डेंकालीत राहायचा! तुम्ही इतके हसलात. बंगालशी गल्लत नको म्हणून इंद्रजालनं देशाचं नाव बदललं होतं, आणि आमचं अख्खं बालपण त्या बदललेल्या नावात गेलं. दादाला सांगितलं तर तो मानायलाच तयार नव्हता. फोटो पाठवावा लागला.

२०२२ च्या जानेवारीत स्पायडरमॅनचा काळा पोशाख दाखवणारं, १९८४ च्या अंकातलं माइक झेक यांचं एक पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला, कारण मला थोडं खट्टू वाटलं होतं. असल्या बाजारात आपण कुठे? तुम्ही भाव विचारलाच नाहीत. विचारलंत, "पांढरा रंग कुठे लावलाय का त्या पानावर?" मी परत जाऊन फोटो मोठा करून पाहिला, आणि मग तासभर तेच पाहत बसले.

पट्ट्या तुम्ही सांगितल्या तशाच ठेवल्यात. आम्लरहित पुठ्ठा, वर मायलरचं पारदर्शक प्लॅस्टिक पाकीट, आडव्या, कपाटात. भिंतीवर एका वेळी एकच, उत्तरेच्या भिंतीला, आणि तीन महिन्यांनी पाळी बदलते. जुनी चिकटपट्टी ओढायची नाही, पिवळे डाग पुसायचे नाहीत, लॅमिनेशनचं नावही काढायचं नाही. शेजारच्या मुलाला हे सगळं सांगत होते तेव्हा माझ्या तोंडून "पुरे रे" निघालं, अगदी तुमच्या आवाजात.

काका, तुमचं भिंग तुम्ही जाताना माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, आता मला त्यातूनही दिसत नाही. म्हणून सोबत बॅरींच्या पट्टीचा मोठा करून घेतलेला छाप पाठवतेय, मूळच्या चौपट. तिसऱ्या चौकटीखाली निळ्या पेन्सिलीत दोन शब्द आहेत. आपण दोघांनी तेव्हा खूप डोकं लावलं, लागले नाहीत. यात निळा रंग मुद्दाम गडद करून घेतलाय. खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात बघा, आणि वाचता आले तर रात्र असली तरी फोन करा.

तुमची,
एडिसनची पुतणी